गुळव्याची न्याहारी

साताऱ्याच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घातलं, त्यात कृष्णातच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. बघता बघता निळा रंग गेला आणि नळीत विटेसारखा लाल गाळ दिसायला लागला.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "भाकरी, भात, गूळ, रताळं, सगळं बंद. अंडी, ताक, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, कधी मटण. सहा आठवड्यांनी परत या. उतार पडला नाही तर रोज सुई टोचावी लागेल, आणि ती तुमच्या गावात मिळायची नाही. पायाची जखम जपा. चिघळली तर पाय जाईल."

कृष्णात पायावरची चिंधी सारखी करत होता. त्याची बायको हरणाबाईच मान हलवत होती आणि एकेक शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होती, कारण तिला लिहिता येत नव्हतं.

कृष्णात कोरेगावच्या बाजूचा नावाजलेला गुळव्या. उसाचा रस आटवायच्या मोठ्या काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दिवाळीनंतर त्याच काहिलीतला पाक पायावर उडाला होता आणि दोन महिने झाले तरी जखम भरत नव्हती. अंगावरचं मांस झडलं होतं. रात्रंदिवस तो पाणी पीत होता.

पण हंगाम थांबणार नव्हता. कोंबडा आरवायच्या आधी कृष्णात गुऱ्हाळावर निघायचा. एवढ्या पहाटे भाकरीशिवाय त्याच्या पोटात काय घालायचं, या एकाच विचाराने हरणाबाईची झोप उडाली. डोळा लागला की दचकून उठायची आणि अंधारातच मेथीची जुडी चाचपायची.

अंड्यांवरून पहिल्याच दिवशी वाजलं. सासू साळूबाईच्या गळ्यात वारकऱ्याची तुळशीमाळ होती. "माझ्या चुलीवर अंडं चढायचं न्हाई," ती म्हणाली. हरणाबाईने वाद घातला नाही. गोठ्यामागे तीन दगड मांडले, जुना तवा काढला आणि तिथे वेगळी चूल केली.

शेजारची भामाबाई कुंपणावरून बघायची. "लोकांस्नी रेशनची ज्वारी मिळंना, आन् तुज्या नवऱ्याला भाकरीचंच पथ्य! लय नवल बाई."

हरणाबाई रोज नवं काही करून बघत होती. एक दिवस हरभऱ्याचा पाला शेंगदाण्याचा कूट लावून परतला. एक दिवस फडक्यात टांगलेलं घट्ट दही मिरचीच्या ठेच्याबरोबर दिलं. बाजारातून आणलेली सुकट कांद्यावर भाजली. रात्री वांगं निखाऱ्यात घालून ठेवलं तर पहाटे भरीत व्हायला वेळ लागत नाही, हे तिला चार दिवसांनी सुचलं. पण कृष्णात दोन घास खाऊन ताट सरकवायचा, उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा.

"खावा की वं," ती म्हणायची.

"खातुया की. पर जेवल्यागत वाटंना." मग एक दिवस हाताकडे बघत म्हणाला, "हात रिकामा ऱ्हातुय बघ. मोडायला कायच न्हाई."

ते ऐकून ती दिवसभर स्वतःशीच पुटपुटत राहिली. दुसऱ्या पहाटे तिने तीन अंडी फोडली, त्यात बारीक चिरलेली मेथी, कूट आणि तिखट घातलं आणि तव्यावर जाडसर पसरलं. उलथलं, भाजलं, फडक्यात गुंडाळलं. कृष्णातने एक तुकडा मोडला, ताकाबरोबर खाल्ला, मग दुसरा मोडला. अख्खं संपवून तो गुऱ्हाळावर निघून गेला. हरणाबाई मात्र गोठ्यामागे तशीच बसून राहिली.

वाटलं, आता जमलं. पण महिना होत आला तरी त्याची तहान कमी होईना. जखमेच्या कडा ओल्याच. शेवटी एक दिवस ती न सांगता गुऱ्हाळावर गेली. कृष्णात काहिलीजवळ उभा होता. त्याने पाकाचा थेंब पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळली आणि ती जिभेवर ठेवली. मग आणखी एक. मग फळीवरचा गरम गूळ चिमटीने उचलला.

"आवं!"

सगळे वळून बघायला लागले. कृष्णातचं तोंड उतरलं, मग तापलं. "गुळव्यानं गूळ चाखायचा न्हाई? मग मी हितं हुबा ऱ्हाऊन करू काय? नुसता जाळ बघू?"

दोन दिवस तो घरचं काही न खाता गेला. हरणाबाई गोठ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत राहिली. रागवावं तर त्याचं चुकलं कुठे, तेच तिला कळेना. जन्मभराची विद्या त्याच्या जिभेवर होती.

तिसऱ्या पहाटे अंड्याची भाकरी फडक्यात बांधून ती त्याच्या मागोमाग चालायला लागली.

"कुटं निगालीस?"

"तुमच्यासंगं. गोळी तुमी वळा. चाखती मी."

"येडी का खुळी? बाईमाणूस काहिलीपाशी? लोक हसत्याल."

"हसू द्यात. तुमचा पाय ऱ्हायला पायजे."

लोक हसलेच. गुऱ्हाळमालक लालासाहेबांनी तर कपाळाला हात लावला. पहिली काहील तिच्या जिभेवर फसली. गूळ मऊ राहिला, ढेप धरेना. कृष्णातने शिवी दिली नाही. "आता दाताला चिकटतोय न्हवं? कट्कन तुटाय पायजे," एवढंच म्हणाला. ती चाखायची आणि सांगायची, तो बोटांनी ताडून बघायचा. आठव्या दिवशी दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "उतरवा!"

सहा आठवड्यांनी साताऱ्याला डॉक्टरांनी नळी तापवली तेव्हा हरणाबाईने डोळे मिटून घेतले.

"हिरवट आहे," डॉक्टर म्हणाले. "गेली नाही साखर, पण पुष्कळ उतरली. सुई सध्या नको. काय खायला घातलंत?"

ती सांगायला लागली ती थांबेना. डॉक्टरांनी कागद घेतला आणि तिचं बोलणं टिपून घेतलं.

चैत्रात जखमेवर खपली धरली. पायाची दोन बोटं कायमची बधिर राहिली, पण पाय वाचला. पुढच्या हंगामात वडूजकडच्या एका मळ्यातून निरोप आला तेव्हा निरोप्याने मालकाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, "गुळव्याला धाडा, आन् त्येच्या कारभारणीलाबी."

साळूबाईने ते ऐकलं. ती गोठ्यामागे गेली आणि सुनेचा अंड्यांचा तवा कापडात बांधून आणून दिला.