सेनापती, हळद-कुंकू आणि दुकानाचा नियम

यंदा दसऱ्याला सकाळी कशेळ्यात आमच्या घरी पाटावर कोयता, विळा, पान्यांचा डबा, स्कूटरची किल्ली आणि तीस सैनिक मांडले होते. सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढे... रेझिनचे.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. मी माथेरानला एका हॉटेलात स्टोअर बघतो. काही वर्षांपूर्वी तिथे उतरलेल्या एका पाहुण्याने मला हा खेळ शिकवला. टेबलावर डोंगर, नदी मांडायची, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून आपलं सैन्य पुढे न्यायचं. मी तो खालापूरच्या इक्बालला शिकवला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि आता तो माझ्यापेक्षा बरा खेळतो.

माझा जुना सेनापती हे सैनिक बनवणाऱ्या कंपनीने नव्या नियमांतून काढून टाकला. चांगला धडधाकट माणूस, एका पीडीएफने रिटायर केला... म्हणून नवा मागवला. नवी वस्तू दसऱ्याला उघडायची, म्हणून बॉक्स तसाच ठेवला होता. त्या सकाळी उघडून पाटावर ठेवला.

बायको हळद-कुंकू लावत लावत सैनिकांपर्यंत आली. मी म्हटलं, "अगं, त्यांना नको."

"का नको? तुमची हत्यारंच हायत ना ती? ल्हान हायत म्हणून पूजा नाय?"

तिने एकेकाला लावलंच. सेनापती घोड्यावर बसलेला, सगळ्यांत मोठा, त्यामुळे त्याला चिमूटभर जास्तच मिळालं. नमस्कार करून हातात घेतला तेव्हा लक्षात आलं... उजवा हात वेगळा जोडायचा असतो, तो बॉक्समध्ये आलाच नव्हता. पिशव्या झटकून पाहिल्या. नाही.

फोटो काढून कंपनीला मेल केला. उत्तर आलं की रंगवलेल्या मॉडेलचा भाग बदलून मिळत नाही. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत कळवलं की हा रंग नाही, आमच्याकडची पूजेची हळद आणि कुंकू आहे. त्यांनी लिहिलं, "रंग कुठल्याही कंपनीचा असला तरी नियम तोच आहे."

मग सेनापती साबणाने धुतला. कुंकू गेलं, हळद कुठली जातेय... पिवळ्या पडलेल्या सेनापतीचा फोटो पाठवला, तर रंग काढायचा प्रयत्न केल्याची नोंद करून त्यांनी तक्रार बंदच केली. राग आला. पण तो बायकोवर कशाला काढायचा, तिचं काय चुकलं होतं?

खरी अडचण पुढेच होती. कर्जतच्या गेमच्या दुकानात जोडीची स्पर्धा होती. सेनापतीशिवाय सैन्य चालत नाही, आणि जोडीतल्या एकाचं सैन्य बाद झालं की दोघंही बाद. माझा जोडीदार इक्बाल त्यासाठी रविवारी दुकान बंद ठेवणार होता. फार्महाऊसवाले खरेदीला रविवारीच येतात, त्यामुळे त्याने आजवर रविवार कधी सोडलेला नाही.

त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "रडतोस काय रं? माज्याकडं काय कमी हाय? एक हात नाय बनवता येनार?"

दोन संध्याकाळी बसून त्याने तांब्याच्या तारेवर हात घडवला. टाकीची गळती बंद करायला मळून लावतात ना, त्या लगद्याचा. मनगटात कडं काढलं, सुईने पाच बोटं कोरली. खरं सांगतो, कंपनीच्या डाव्या हातापेक्षा तो उजवा हात सरस होता.

त्या रविवारी दोघं कर्जतला पोचलो. दुकानाच्या मॅडमनी भिंगातून एकेक सैनिक पाहिला आणि सेनापतीपाशी थांबल्या.

"काका, हा हात कंपनीचा नाही."

मी मेल दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे वाचले. "मला वाईट वाटतंय हो. पण बाहेरचा भाग चालत नाही. तुम्हाला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगू?" त्यांचंही बरोबर होतं. मी सैनिक डब्यात भरायला लागलो.

इक्बाल मात्र भिंतीवर लावलेली नियमांची यादी वाचत उभा होता. वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. मग काउंटरपाशी आला.

"मॅडम, बाहेरचा भाग नको, असं लिवलंय. बरोबर. पण हात असलाच पायजे, असं कुठं लिवलंय?"

मॅडम उठून स्वतः यादी वाचून आल्या. त्यांना हसू आवरेना. "नाही लिहिलेलं. सेनापती कंपनीचा आहे, घोडा कंपनीचा आहे... हाताचं काहीच नाही."

त्याने सेनापती उचलला आणि हात खांद्यापासून मोडला. टक् असा आवाज झाला. मी "अरे" म्हणेपर्यंत काम झालं होतं. तुकडा खिशात टाकून तो म्हणाला, "चल, मांड सैन्य. नऊ वाजून गेले."

पहिल्या फेरीत समोरच्याने विचारलं, "काका, तुमच्या सेनापतीचा हात कुठे गेला?" इक्बाल फासे खुळखुळवत म्हणाला, "काउंटरवर लढाई झाली सकाळी. तिकडं गेला." ती फेरी जिंकलो, दुसरीत हरलो.

कंपनीवर आणि दुकानावर मी आठ दिवस चिडून होतो. आता तेवढा नाही. त्यांनी लिहिलेलं धरून ठेवलं, एवढंच. इक्बालने दोन संध्याकाळी डोळे ताणून केलेली वस्तू माझं सैन्य टेबलावर यावं म्हणून क्षणात मोडली, आणि त्यानंतर तो विषय एकदाही काढला नाही. माणसाला असा जोडीदार मिळणं ही देवाचीच कृपा.

तोंडावर आभार मानले तर शिव्या देईल, म्हणून इथे लिहितोय... वाचेलच तो.