गोठ्याजवळ उभी राहिलेली आई

धरणगावकडच्या शेतांतल्या लग्नांत मंडप माझा असतो आणि मंत्र एका ठरलेल्या गुरुजींचे. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून ते पोथीवर ढेकूळ ठेवतात आणि माइकवरून सारखे "आवरा, आवरा" ओरडतात. मागच्या उन्हाळ्यात मात्र मंगलाष्टकं म्हणायच्या आधी त्यांनी नवरीला विचारलं, "बेटा, तुनी माय कोठे शे?"

आई विधवा, म्हणून लांब गोठ्याजवळ उभी होती.

नवरदेवाचे आबा कुरकुरले, "गुरुजी, मुहूर्त टळी जाई."

"टळू द्या," म्हणत गुरुजी स्वतः उन्हात गोठ्यापर्यंत गेले आणि तिला घेऊन आले. आपल्या मुठीतल्या अक्षता त्यांनी तिच्या हातात दिल्या.

अंतरपाट सरला, तेव्हा नवरीने आधी मागे वळून आईकडे पाहिलं.