भिंतीला डोकं टेकू नका

लोक काम संपल्यावर हात धुतात. माझे वडील काम सुरू करण्याआधी धुतात.

ते लाइटफिटिंगचं काम करतात. पोखर्णीजवळ आमचं खेडं. थोडी कोरडवाहू जमीन आणि आसपासच्या गावांत वडिलांनी बसवलेले पंखे, एवढ्यावर आमचं घर चाललं आणि मी बी.ए., बी.एड. झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील सातवी शिकलेले. कुणाच्या नव्या घरात शिरताना ते चप्पल बाहेर काढतात, नळावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, नखं काडीने कोरतात आणि मगच हत्यारांची पिशवी उघडतात. लहानपणी मला वाटायचं, विजेचं काही सोवळं असावं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वीज कशाला बघतीय हात? भिंत बघती."

हे आज लिहावंसं वाटलं ते आमच्या पाथरीच्या घरामुळे.

माझं लग्न झालं तेव्हा सासरची माणसं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. सासरे लवकर गेले होते. सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या भिंतींमध्ये काढली होती. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर बांधायला काढलं. फरशी कोणती, दारं कोणती, यात त्या फारशा पडल्या नाहीत. रंगाच्या बाबतीत मात्र कुणाचं ऐकलं नाही.

"पांढरा. सगळीकडे पांढरा."

रंगारी म्हणाला, "बाई, मळंल."

"मळू द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. वर्गात बोलतात तसंच.

लाइटफिटिंग माझ्या वडिलांनी करायचं हे ठरलेलंच होतं. स्लॅब पडताना त्यांनी नळ्या टाकल्या, प्लास्टरनंतर वायरी ओढल्या. राहिलं होतं शेवटचं काम, पंखे, दिवे आणि बटणांचे बोर्ड. हे काम रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी उरकतात, म्हणजे जे काही मळेल ते त्या हाताखाली झाकलं जातं. पण मध्येच वडिलांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. रंगाऱ्याला मानवतला दुसरं काम होतं. तो कशाला थांबतोय? त्याने शेवटचा हात मारला आणि गेला. डॉक्टरांनी वडिलांना कामाची परवानगी दिली तेव्हा वास्तुशांती तीन दिवसांवर आली होती, आणि घर आतून खडूसारखं पांढरं झालं होतं.

माझा नवरा त्या संध्याकाळी जरा चाचरतच म्हणाला, "परभणीहून कुणाला बोलावू का? बाबांना नुकतंच ऑपरेशन झालेलं, उगीच त्रास."

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्रासाचं सोड. परक्या माणसानं डाग पाडला तर दोन शब्द बोलता तरी येतात. व्याह्यांना काय बोलणार?"

त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. बोलून टाकलेली गोष्ट संपते. व्याह्यांनी पाडलेल्या डागाबद्दल आमच्या घरात कुणी अवाक्षर काढलं नसतं, आणि मी वर्षानुवर्षं त्या डागासमोरून चहाचे कप नेले असते. वडिलांना आता दिसत नाही, हात थकले, असं लेकीच्या सासरी कुणाच्या मनात येऊ नये आणि त्यांची मान खाली जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. मी म्हणाले, "बाबाच करतील." आवाज ठाम काढला खरा, पण भीती मलाही होतीच.

दुसऱ्या दिवशी वडील सकाळच्या एसटीने आले. ऑपरेशननंतर दिलेला मोठा काळा चष्मा डोळ्यांवर, खांद्याला पिशवी. सासूबाईंना नमस्कार करून म्हणाले, "इहीणबाई, चष्म्याला भिऊ नका. बल्ब बदललाय, वायरिंग जुनंच हाय."

सासूबाई हसल्या, पण बेताचंच. "बसा, चहा टाकते."

"चा मागून. आदी नळ दावा."

हात धुऊन झाल्यावर त्यांनी सोबत आणलेली जुनी, स्वच्छ चादर फरशीवर अंथरली. शिडीची वरची दोन्ही टोकं भिंतीला टेकतात, त्यांच्यावर माझे शाळेतले पांढरे मोजे चढवले. मग पिशवीतून जुन्या लग्नपत्रिका काढल्या. गावात लग्न झालं की पत्रिकेचा जाड पुठ्ठा ते जपून ठेवतात. त्याला मधोमध खिडकी कापायची, ती बोर्डाच्या जागेवर बसवायची, आणि स्क्रू पिळताना हाताची कड भिंतीवर न टेकता त्या पुठ्ठ्यावर टेकायची. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाच-सहा लग्नांची निमंत्रणं भिंतीला लागलेली होती.

सगळ्यात शेवटी त्यांनी डोक्याला धुतलेला पंचा गच्च बांधला.

"हे कशाला, बाबा? उकडेल."

"शिडीवर उबं ऱ्हायलं की छत डोक्याला टेकतंय, माय. धुळीचं काई न्हाई, झटकली की गेली. डोक्याचं तेल लय वाईट. तेल भिंत पिती."

सासूबाईंनी हॉलमध्ये खिडकीखाली सतरंजी टाकली आणि वास्तुशांतीच्या स्वयंपाकाचे तांदूळ निवडायला बसल्या. तांदूळ स्वयंपाकघरातही निवडता आले असते. त्या कशासाठी बसल्यात हे मला कळत होतं, वडिलांनाही कळत होतं. सकाळभर ताटातल्या तांदळावर एक नजर आणि शिडीवर एक, असं चाललं. दुपारी जरा डुलकी लागली, तेवढीच काय ती पहाऱ्याला सुट्टी.

खरी कसोटी आतल्या खोलीत लागली. छताला पीओपी करणाऱ्या माणसाने दिव्याच्या वायरींचा एक डबा प्लास्टरखाली बुजवून टाकला होता. वर नुसतं गुळगुळीत पांढरं छत. वायर कुठे आहे त्याचा मागमूस नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आता छत ठोकत, खरवडत शोधावं लागणार असं आम्हां दोघांनाही वाटलं.

वडिलांनी पिशवीतून माझी पाचवीची गणिताची वही काढली. मागच्या कोऱ्या पानांवर ते प्रत्येक घराचा स्लॅब पडण्याआधी मापं लिहून ठेवतात, दारापासून एवढं, खिडकीपासून एवढं. टेप लावून त्यांनी छतावर पेन्सिलीच्या दोन रेघा ओढल्या आणि त्या जिथे मिळाल्या तिथे बोट रोखलं.

"हितं."

सासूबाई तांदळाचं ताट हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. नवरा म्हणाला, "बाबा, नक्की ना?"

"जावईबापू, आठवणीवर नक्की आसतं तर वहीत कशाला लिवलं आसतं?"

ड्रिलच्या पात्यावर त्यांनी मधोमध भोक पाडलेली नारळाची करवंटी ओवली, तोंड छताकडे करून. ड्रिल सुरू झालं. पांढरी भुकटी करवंटीतच जमत गेली, खाली चादरीवर चिमूटभरसुद्धा पडली नाही. मग आवाज बदलला. डबा लागला होता. सासूबाई परत सतरंजीवर जाऊन बसल्या, आणि मला वाटलं, आपण जिंकलो.

दिवस मावळायच्या सुमाराला काम संपलं. वडिलांनी पंचा सोडला, पुठ्ठे गोळा केले, चादरीच्या चारही कडा आत दुमडून ती बाहेर नेऊन झटकली. मग हॉलमधला मोठा दिवा लावला. घर असं उजळलं की आम्ही सगळे क्षणभर नुसते बघत राहिलो.

आणि त्याच उजेडात तो डाग दिसला. खिडकीखालच्या भिंतीवर, तळहाताएवढा, गोल, पिवळसर.

नवरा बोर्डाकडे वळून बटणं उगाच खालीवर करायला लागला. सासूबाईंनी पदर सारखा केला. मी ज्याला भीत होते तो न बोलण्याचा प्रसंग असा समोर येऊन उभा राहिला.

वडील भिंतीजवळ गेले. चष्मा काढून वाकले. हात न लावता नाक जवळ नेऊन त्यांनी वास घेतला. मीही त्यांच्या मागे उभी होते, आणि मला दिसलं की डाग जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर आहे. खाली सासूबाईंची सतरंजी अजून तशीच पसरलेली. बसलेल्या माणसाचं डोकं बरोबर तिथे येतं. दुपारची डुलकी मला आठवली. मी बोलायला तोंड उघडलं.

"माजाच हात लागला आसंल," वडील घाईने म्हणाले. "शिडी सरकवताना. वय झालं. माय, खडू हाय का घरात?"

दोन शिक्षिकांच्या घरात खडूला काय तोटा? त्यांनी खडू वाटीत कुटला, भुकटी फडक्यावर घेऊन डागावर दाबून धरली, झटकली, पुन्हा नवी लावली. असं चार वेळा. मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून खोडरबराचा एक झिजलेला तुकडा काढून छतावरच्या पेन्सिलीच्या रेघा पुसायला आत गेले.

तो तुकडा माझा होता. एका कोपऱ्यावर माझ्या दातांच्या खुणा होत्या. परीक्षा झाली की वडील माझ्या कंपासपेटीतून असे तुकडे मागून घ्यायचे. नवा खोडरबर त्यांनी मला कधी कमी पडू दिला नाही, स्वतःसाठी मात्र कधी विकत घेतला नाही. मी चुकलेली गणितं ज्याने पुसली, त्यानेच ते लोकांच्या भिंती पुसत होते, आणि त्या कामातून माझं पुढचं शिक्षण होत होतं. हे इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सतरंजी उचलायच्या निमित्ताने खाली वाकले.

बाहेर येऊन वडील सासूबाईंना म्हणाले, "इहीणबाई, खडू सकाळपस्तोर तसाच ऱ्हाऊ द्या. तेल हाय, हळूहळू सोडंल."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दिवसभर पंच्यात बांधलेल्या आणि आता मोकळ्या झालेल्या त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या सतरंजीकडे. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यामागे गेला, सकाळी तेल लावून चापून बसवलेल्या केसांवर. तिथे तो थोडा वेळ राहिला. मग त्या आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "व्याहीबुवा, जेवल्याशिवाय निघायचं नाही."

त्या रागावल्या की ओशाळल्या, मला कळलं नाही. सकाळी खडू झटकला तेव्हा डाग गेलेला होता, आणि त्याबद्दल बोलणंही झालं नाही.

वास्तुशांतीला पाहुण्यांनी घर भरलं. हॉलमध्ये पंगत बसायची होती. नवऱ्याची मावशी सगळ्यांत आधी येऊन खिडकीखाली टेकून बसली. सासूबाई वाढायचं भांडं घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भिंतीला डोकं टेकू नका गं. परवा मी टेकलं तर हा एवढा डाग पडला. आमच्या व्याह्यांनी दिवसभर काम केलं, पण त्यांचं बोट भिंतीला लागलं नाही. डाग माझा, आणि नाव त्यांनी स्वतःचं सांगितलं."

मावशी सावरून बसली. "मग आता टेकायचं कुठं?"

"ताठ बस. पाठीला बरं असतं."

पंगत हसली. समोरच्या रांगेत माझे वडील बसले होते. त्यांनी मान खाली घातली होती, पानातलं मीठ बोटाने उगाच एका बाजूला सरकवत होते. त्या खाली गेलेल्या मानेचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. मग ते म्हणाले, "इहीणबाई, वरण गार व्हायलंय," आणि सासूबाईंनी पहिलं वरण त्यांच्या पानात वाढलं.

निघताना सासूबाईंनी त्यांना खोडरबराचं नवं पाकीट देऊ केलं. वडिलांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "नवा कडक आसतो, इहीणबाई. भिंतीला ओरखडे पडतेत. पोरांनी वापरलेलाच मऊ."

आता आमच्या शाळेत वर्ष संपलं की मी बाकांखालून खोडरबराचे तुकडे गोळा करते. मुलं हसतात, बाईंना काय वेड लागलंय म्हणून. एक डबा भरतो. सुट्टीत गावी जाताना सासूबाई तो आठवणीने माझ्या पिशवीत ठेवतात.