माळावर उलटे केलेले दगड

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मला भोकरच्या पुढचा एक माळ मिळाला होता. झाड नाही, नजर जाईल तिथवर काळे दगड. दोरीचा मीटरभर चौकोन टाकायचा, त्यातला एकेक दगड उचलायचा, खाली काय जगतं ते लिहायचं आणि दगड होता तसाच परत ठेवायचा. आई म्हणाली, "तिथं काय डोंबल जगणार?" पण मला एकटीला पाठवायला ती तयार नव्हती. म्हणून कंडक्टरकी करून नुकतेच रिटायर झालेले पप्पा छत्री घेऊन बरोबर यायचे. दगड उचलायच्या आधी ते काठीनं हलवून बघायचे. दोनदा खालून फुरसं निघालं होतं. तेव्हापासून त्यांची काठी फिरल्याशिवाय मी एकाही दगडाला हात लावत नव्हते.

तरी खाली खूप काही होतं. वर हात भाजायचा आणि खाली बोटाला ओल लागायची. विंचू, वाळवी, पालींची अंडी. दगडाच्या सावलीच्या कडेला नखाएवढं रोप.

मे महिन्यातला तो दिवस दहालाच तापला. आमच्यापासून थोड्या अंतरावर उघड्या खड्यांत एका टिटवीची चार अंडी होती. टिटवी मधूनच उगवतीकडे उडून जायची आणि काही मिनिटांत परतायची, तेव्हा तिच्या पोटाची पिसं भिजलेली असायची. तशीच ती अंड्यांवर बसायची. मी ते वहीत लिहून घेतलं.

"पप्पा, पाणी प्या ना."

"मला तहान न्हाई. तू पी."

मी पीत राहिले. मग काठी पडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर पप्पा दगडांवर बसले होते आणि छत्री वाऱ्यानं घरंगळत चालली होती.

"ताई, तिकीट घेतलं का?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पुढं सरका. पुढं लई जागा हाय."

आधी मला वाटलं, गंमत करून राहिलेत. मग मी त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. ते मला ओळखत नव्हते. बाटलीत दोन घोट उरले होते, ते मी त्यांच्या डोक्यावर ओतले. मोबाइलला रेंज नव्हती. डांबरी रस्ता तासाभराच्या वाटेवर होता. मी हाका मारल्या, माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

तेवढ्यात टिटवी पुन्हा उगवतीकडे उडाली. पाणी होतं, आणि जवळच होतं. छत्री आणून दगडांत रोवली, पप्पांना तिच्या सावलीत आडवं केलं आणि निघाले. वीस पावलांवर मागं बघितलं आणि थांबले. काळी छत्री काळ्या दगडांत आत्ताच दिसेनाशी झाली होती. पाणी सापडलं आणि पप्पाच सापडले नाहीत तर? दगडांची वरची बाजू काळी, खालची मुरमानं लाल. मी दर दहा पावलांवर एक दगड उलटा करत गेले. काठी पप्पांपाशीच राहिली होती. प्रत्येक दगडाखाली बोटं घालताना डोळे मिटून त्रिसरण म्हणत होते, आणि लहानपणापासून पाठ असलेलं ते मधेच विसरत होते.

मुरमाची जुनी खदान लागली. तळाशी हिरवट पाणी, काठावर शेळ्या आणि एक म्हातारी. मी धापा टाकत सांगितलं, "पप्पांना ऊन लागलंय, बडबडून राहिलेत."

"पाजू नको गं बाई, ठसका लागंल," ती म्हणाली. "आधी आंगावर टाक. फोन हाय ना? त्या ढिगावर चढ, तिथं आवाज येतो."

ढिगावरून मी रुग्णवाहिका बोलावली. बाटली भरली, ओढणी बुचकळली. म्हातारी शेळ्या तशाच सोडून, आपलं लुगडं पदरापासून भिजवून माझ्यामागं आली. लाल दगड शोधत आम्ही चाललो. एका ठिकाणी पुढचा दगड दिसेना. मी तिथंच गोल फिरायला लागले, तशी तिनं माझं मनगट धरलं. "हुबी ऱ्हा. रडू नको, नीट बघ." दगड दिसला.

पप्पा बोलायचे थांबले होते. ते बोलत होते त्यापेक्षा ती शांतता जास्त भयंकर होती. ओढणी त्यांच्या छातीवर टाकली, म्हातारीनं पदर मानेवर पिळला. ती मला सारखी पाण्याला पळवत होती. किती फेऱ्या झाल्या, आठवत नाही. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि मला नावानं हाक मारली.

गाडी बैलगाडीच्या वाटेनं आली. आधी भोकर, मग नांदेड. पप्पा पाच दिवस दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी कबूल केलं, की सकाळपासून ते पाणी प्यालेच नव्हते. मला पुरावं म्हणून.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. आई आली, शेजारी बसली. म्हणाली, "प्रकल्प थंडीत कर. मी येते तुझ्यासंगं."

डिसेंबरात ती आली.