सशासाठी हरळी

देवळाच्या पायरीशी ती दुर्वा-फुलं घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मला लोकांत बोलायला जमत नाही. गर्दी सरेपर्यंत मी कुंपणाशी उभी राहायची, मग जाऊन जुडी घ्यायची. ती मान खाली घालून दुर्वा निवडत असायची. तीन पानांची कोवळी हरळी देवाच्या जुडीत, बाकीची बाजूला.

एक दिवस मात्र मला बोलावंच लागलं. यांनी मिरजोळ्याहून सशाचं पिल्लू आणलं होतं. ते आदल्या दिवसापासून पाट्यामागे लपून बसलं होतं, काही खात नव्हतं. मरेल की काय, या भीतीने मी तिला सगळं सांगितलं. दूधभात दिला, सारखं मांडीवर घेतलं, तेसुद्धा.

"दूधभात? मांजर हाय काय ता, गो?" ती हसली. बाजूची हरळी तिने माझ्या पदरात घातली. "ही जमिनीवर ठेव. तू पण खाली बस, आपलं काम करत. हाक मारू नको, त्याच्याकडं बघू नको. येईल आपसूक."

घरी मी तांदूळ निवडत बसले. बऱ्याच वेळाने पायाशी कुरूकुरू आवाज आला. मी मान वर केली नाही. ओलं नाक माझ्या बोटाला लागलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाकीच्या बायकांना ती लांबून हाका मारायची, "ये गो बाय, ताजी जास्वंद हाय!" मला तिने कधीच हाक मारली नव्हती. मी जवळ येईपर्यंत ती आपली दुर्वा निवडत राहायची.