कुंपणापलीकडची पिओनी

किश्श्यांचं कंपोस्टसारखं असतं. रोज थोडं थोडं साठतं आणि एक दिवस बघावं तर हा ढीग! जर्मनीत रेगेन्सबर्गला आम्ही क्लाइनगार्टन, म्हणजे शहराच्या कडेला भाड्यानं मिळणारा बागेचा तुकडा, घेतला तो कोथिंबीर-मेथी लावायला. पण नशिबानं शेजारी मिळाले हेर, म्हणजे श्रीयुत, वीझनर. आयुष्यभर पिओनीच्या, म्हणजे गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्यांच्या फुलाच्या, नव्या जाती तयार करणारा माणूस! कोथिंबीर राहिली बाजूला.

*

माझा नवरा निखिल कारच्या कारखान्यात इंजिनियर. त्यानं पहिलं पिओनीचं रोप चांगलं हातभर खोल लावलं. "फाउंडेशन मजबूत हवं!"

दोन-तीन वर्षं नुसती पानं. शेवटी हेर वीझनरच फावडं घेऊन आले, कंद उकरला आणि त्यावरचे लालसर कोंब दाखवून म्हणाले, "हे डोळे. मातीखाली फक्त दोन बोटं. खोल गाडलं तर रोप जगतं, पण फुलत नाही."

पुण्याहून आलेल्या सासूबाई तिथेच उभ्या होत्या. मी भाषांतर करायच्या आत म्हणाल्या, "अरे, उसाच्या कांड्याला असतात तसे डोळे! निखिल, एवढंही कळत नाही?"

दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पण त्या दिवशी निखिलविरुद्ध त्यांची युती झाली, ती अजून टिकून आहे.

*

पिओनीच्या कळीवर मुंग्या येतात. सासूबाईंनी कुंपणातून हात घालून हेर वीझनरच्या सगळ्या कळ्यांभोवती हळद टाकली.

हेर वीझनर वास घेत आले. मुंग्या कळीवरचा गोड रस खायला येतात, त्यांचा काही त्रास नसतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग म्हणाले, "मुंग्या गेल्या नाहीत, पण मला मात्र भूक लागली!"

*

एश्बॉर्नहून निखिलचा मित्र सचिन आला होता. आयटीवाला. त्यानं विचारलं, "नवी जात मार्केटला यायला किती वेळ?"

"आल्झो, तर असं बघ," हेर वीझनर म्हणाले, "बी पेरल्यावर पहिलं फूल पाच-सहा वर्षांनी. ते खरंच वेगळं आहे का, हे बघण्यात आणखी काही वर्षं. मग कंद फोडून रोपं वाढवायची. पंधरा-वीस वर्षं धर."

"आणि एवढं करून चांगलं निघालं नाही तर?"

त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "कंपोस्ट!"

परतताना सचिन म्हणाला, "आमचा क्लायंट यांच्याकडे ट्रेनिंगला पाठवला पाहिजे."

*

त्यांनी एका जातीला बायकोचं नाव दिलंय, 'हानेलोरे'. मोठं, गुलाबी, सुगंधी फूल, पण देठ नाजूक. सर आली की आडवी! त्यांच्या सासूच्या नावाची 'हेडविग' मात्र गारांतही ताठ. हानेलोरेबाई प्रत्येक पाहुण्याला दाखवायच्या, "बघा, इतक्या वर्षांचा संसार करून मला काय मिळालं!"

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या 'हेडविग'कडे कौतुकानं बघत म्हणाल्या, "जावई बघ कसा आहे. शीक काहीतरी!"

*

मग हानेलोरेबाई गेल्या आणि हेर वीझनरनी पेरणी थांबवली. फक्त एका रोपाची ते वाट बघत होते. त्याचं बी हानेलोरेबाईंनी स्वतः पराग लावून धरलेलं. "ते फुललं की त्याच्या परागानं एक शेवटचा संकर करीन आणि बाग सोडीन," असं म्हणायचे. इकडे सासूबाईंचंही दर मे महिन्यातलं ठरलेलं वाक्य असायचं, "ही माझी शेवटची खेप हो. गुडघे ऐकत नाहीत."

त्या मे महिन्यात ते रोप फुललं. एकच फूल, कुंपणावरून आमच्याकडे डोकावणारं.

आणि त्याच रविवारी बागेतल्या आमच्या लाकडी खोलीत सत्यनारायण! आता, कुंपणाबाहेर डोकावणारं फूल देवाचंच, ही सासूबाईंची पुण्यातल्या मॉर्निंग वॉकपासूनची रीत.

हेर वीझनर दारात आले. चेहरा पांढराफटक. "माझं फूल..." आणि त्यांची नजर चौरंगावर गेली.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगं बाई! त्यांच्या बायकोचं फूल! देऊन टाक त्यांना, देव रागावणार नाही."

हेर वीझनरनी हातानंच थांबवलं. बूट काढले, चौरंगासमोर कसेबसे गुडघ्यांवर बसले, खिशातून बारीक ब्रश काढला आणि फुलातला पिवळा पराग छोट्या बाटलीत झटकला. फूल होतं तिथेच ठेवलं. मग प्रसादाचा शिरा खाल्ला, आणखी मागून घेतला. अशी माणसं शेजारी मिळायला पुण्य लागतं. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

*

दोन दिवसांनी त्यांनी तो पराग 'हानेलोरे'च्या फुलांना लावला. संकर केला की फांदीला पाटी बांधतात. आधी आईचं नाव, मग बापाचं. पण बाप अजून बिननावाचा! हेर वीझनरनी पाटी लिहिली आणि सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या 'फ्राऊ जोशीं'ना, दाखवायला आणली. मी वाचून दाखवली, "आई, हानेलोरे. वडील, फ्राऊ जोशींचा देव."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "विचार त्यांना, याच्या बीला फूल कधी येईल?"

"पाच-सहा वर्षं," हेर वीझनर म्हणाले. "कदाचित सात."

सासूबाईंनी बोटांवर सात वर्षं मोजली.

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "फुललं की कळवा. मी येईन. तेव्हा मात्र विचारून तोडीन."