आरोळीतली हाक

मिर्तोमावशीसारखी आरोळी आमच्या गावात कुणाची नव्हती. बळीच्या मानेवर सुरी फिरली की बायकांनी एकदम आरोळी ठोकायची, हा रिवाज. मावशीची सगळ्यांच्या वर जायची. पुरुष कौतुक करायचे, "काय छाती आहे म्हातारीची!" कपाळ त्यांचं.

तिचा मुलगा पिथिलास ऑलिंपियाच्या खेळांत मुष्टियुद्ध जिंकला आणि डोक्याला बसलेल्या माराने परतीच्या वाटेवरच गेला. विजेत्याचा जैतुनाच्या पानांचा मुकुट घरी आला तो प्रेताच्या छातीवर. पहिली दोन वर्षं मावशी थडग्यावर दूध-मध घेऊन जायची, त्याच्याशी बोलत बसायची, पोटभर रडायची. मग सलग दोनदा जवाचं पीक करपलं. देववाणी झाली, पिथिलासला वीर माना, देवासारखं पुजा. थडग्याभोवती कुंपण घातलं, रक्तासाठी खड्डा खणला, दरसाल एका काळ्या एडक्याचा बळी ठरला. आणि पुजारी मावशीच्या दारात येऊन म्हणाला, "मिर्तोबाई, आता त्याच्यासाठी रडायचं नाही हं. रडतात माणसासाठी. वीरासाठी रडलं की तो कोपतो."

"माझ्यावर कोपतोय! नाक तरी पुसता यायचं का त्याला माझ्याशिवाय?"

पण त्या साली पीक आलं, मग बोलायची सोयच राहिली नाही. मावशी वर्षभर गप्प मागावर बसायची. आरोळीचा तेवढा एक क्षण तिचा. आम्हा बायकांना ते ठाऊक होतं.

गेल्या साली एडक्याचं रक्त खड्ड्यात पडलं, आरोळी झाली, आम्ही थांबलो. मावशी थांबली नाही. आरोळीतून हुंदका फुटला, हुंदक्यातून हाक, "पिथ्या! अरे पिथ्या!" पुजाऱ्याने मान वळवली. कळलं असतं तर पुन्हा तिला कुंपणाजवळ फिरकूही दिलं नसतं मेल्याने. मी जिवाच्या आकांताने ओरडले. शेजारची क्सेनो ओरडली. मग सगळ्याच. जिने तिने आपापलं गेलेलं माणूस आठवलं आणि घसा फाटेपर्यंत ओरडलो. मावशीचा आवाज आमच्यात बुडून गेला.

पुजारी खूश. "यंदा वीर प्रसन्न झाला," म्हणाला.

घरी परतताना उतारावर मावशीने माझा हात धरला. तिचा घसा पार बसला होता. कानाशी येऊन पुटपुटली, "एवढ्या गोंगाटात त्याला माझी हाक ऐकू गेली असेल का गं?"

गेली असेल, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?